दुसऱ्याचें कोंपर

दुसऱ्याच्या हाताला इजा झाली असतां आपल्या जिवाला घोर कां लागावा, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटतो. परंतु आम्हांला तो बरींच वर्षें छळीत आला आहे. हा दुसरा आपला भाऊ, स्नेही किंवा शेजारी असेल तर प्रश्नच उद्भवत नाहीं. पण ज्याला आपण उभ्या जन्मांत प्रत्यक्ष पाहिलेलें नाहीं, ज्याच्या कानावर आपलें नांव जाण्याचाहि संभव नाहीं, अशा एखाद्या खेळाडूचें कोंपर दुखूं लागतें आणि जालन्यांतला एक शिक्षक सकाळीं चहाचा पेला हातांत धरून वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर त्या कोंपराचें कुशल आधीं शोधतो, मग पहिल्या पानाकडे वळतो. यांत त्याचें कांहीं चुकतें काय? आणि चुकत असेल, तर नेमकें कोठें? तो शिक्षक आम्हीच होतों. त्यामुळें या प्रश्नाचा विचार तटस्थपणें करीत असल्याचा आव आम्हांला आणतां येत नाहीं.

गोष्ट २००४ ते २००६ या दोन वर्षांतली. २००४ च्या ऑगस्ट महिन्यांत सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोंपरानें असहकार पुकारला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटी सामन्यांना तो मुकला. नागपूरच्या तिसऱ्या सामन्यांत उतरला, तो ८ आणि २ धांवा करून परतला. तो सामना ३४२ धांवांनीं गमावून भारतानें मालिकाहि गमावली. डिसेंबरांत ढाक्याला त्यानें नाबाद २४८ धांवा केल्या आणि गावसकरांच्या ३४ शतकांच्या विक्रमाशीं बरोबरी केली, तेव्हां आम्हीं सुटकेचा निःश्वास टाकला. तो अकालीं होता. दुखणें गेलेलें नव्हतेंच. २००५ च्या मे महिन्यांत लंडनला कोंपरावर शस्त्रक्रिया झाली, आणि ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा येईपर्यंत भारताच्या संघांत तो दिसला नाहीं.

आम्ही तेव्हां पस्तिशीच्या घरांत होतों व एका महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत होतों. ‘टेनिस एल्बो’ हा शब्द आमच्या इंग्रजी विद्येनेंहि आम्हांला पूर्वीं दिलेला नव्हता. त्या वर्षीं तो गांधी चमनाजवळच्या पानवाल्यालाहि पाठ झाला. प्राणिशास्त्राच्या आमच्या एका सहकाऱ्यांनीं तर अध्यापकांच्या खोलींतील फळ्यावर कोंपराची आकृतीच काढून दाखविली. कोंपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा असतो. मनगट मागें उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा तेथें चिकटलेली असते. एकच हालचाल हजारों वेळां झाली म्हणजे तिच्यांत सूक्ष्म चिरा पडतात, आणि त्या भरून येण्यापूर्वींच पुन्हां ताण बसला, तर ती आंतल्या आंत झिजत जाते. सुमारें तीन पौंडांची बॅट वयाच्या सोळाव्या वर्षापासून जगभर फिरविणाऱ्या मनुष्याच्या त्या कंडरेचें काय झालें असेल, हें आम्हां सर्वांना डोळ्यांपुढें दिसूं लागलें. संध्याकाळीं भारनियमनामुळें दिवे गेले म्हणजे अंधारांत ओट्यावर बसून आम्ही याच विषयावर बोलत असूं. कोणी सांगे, वर्षभर विश्रांति हवी. कोणी सांगे, बॅट हलकी करावी. रुग्णाला मात्र आमचा सल्ला पोंचविण्याची कांहींच सोय नव्हती.

अशा वेळीं कोणी तरी शहाणा गृहस्थ हटकून म्हणतो, मराठवाड्यांत लोकांना प्यायला पाणी नाहीं, कापसाला भाव नाहीं, आणि तुम्ही एका कोट्यधीशाच्या कोंपराची काळजी वाहतां! आम्ही तेव्हां त्यांना असें उत्तर देत असूं कीं, सहानुभूति म्हणजे कांहीं रांजणांतलें पाणी नव्हे. एकाला तांब्याभर दिलें म्हणून दुसऱ्याच्या वांट्याचें तेवढें कमी होतें असें नाहीं. शिवाय खेळ पाहणाऱ्याला खेळांतून जें मिळतें तें तुच्छ मानण्याजोगें नाहीं. आमच्या गांवीं दिवसभर लोखंडाच्या भट्टीपुढें उभा राहिलेला कामगार रात्रीं दूरदर्शनसमोर बसतो, आणि गोलंदाजाच्या जवळून सीमेकडे सरळ गेलेला एक फटका पाहतो, तेव्हां जगांत निदान एक गोष्ट जशी व्हायला हवी तशी झाली, हें समाधान त्याला लाभतें. त्याच्या स्वतःच्या दिवसांत असें क्वचितच घडलेलें असतें. हें समाधान देणारा हात अधू झाला तर त्यानें हळहळूं नये, असें कोणत्या न्यायानें म्हणावें? या उत्तराचा दुसरा भाग आम्हांला आजहि खरा वाटतो. पहिल्याविषयीं, म्हणजे त्या रांजणाविषयीं, पुढें लिहावें लागेल.

पराभवापेक्षां गैरहजेरी अधिक जड कां जाते, याचाहि आम्हीं पुष्कळ विचार केला. पराभवाला निदान आकार असतो. कोणी झेल सोडला, कोणी नको तो फटका मारला, पंचांनीं चुकीचा निर्णय दिला; चार दिवस भांडण्याला विषय मिळतो. गैरहजेरींत भांडण्यासारखें कांहींच नसतें. भरतानें चौदा वर्षें वाट पाहिली खरी, पण त्याच्यापाशीं सिंहासनावर ठेवण्यास पादुका होत्या, आणि मुख्य म्हणजे चौदा हा आंकडा होता. वनवासाला मुदत असते, दुखापतीला नसते. वैद्य सहा आठवडे म्हणतात, मग सोळा होतात, मग ते कांहींच म्हणेनासे होतात. वाट पाहणाऱ्याच्या मनांत येथेंच एक बदल सुरू होतो, आणि तो इतका हळू होतो कीं ज्याच्या मनांत होतो त्याला कळत नाहीं. प्रथम तो म्हणतो, बिचारा. नंतर म्हणतो, केव्हां येणार? त्यानंतर, अजून कसा येत नाहीं? आणि शेवटीं, खरोखरच दुखत असेल काय? बिचारा म्हणणारा आणि संशय घेणारा मनुष्य एकच असतो, व त्याला आपण दोन्ही वेळां प्रेमच करीत आहों असें वाटतें.

संशयाला वाव मिळतो याचें एक कारण असें कीं, असलें दुखणें दिसत नाहीं. मोडलेल्या पायाला पांढरें वेष्टन असतें, तें पाहून लोक वाट देतात. आंतून झिजलेल्या कंडरेला तसलें कांहीं भूषण नसतें. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत आपल्या लहान मुलाची प्लास्टिकची बॅटहि आपल्याला उचलवत नव्हती, असें तेंडुलकरनें स्वतःच पुढें सांगितलें. आम्हीं तें वाचलें तेव्हां आम्हांला संकोच वाटला. कारण ज्या महिन्यांत त्याला ती बॅट उचलवत नव्हती, त्याच महिन्यांत आम्ही ओट्यावर बसून, श्रीलंकेच्या दौऱ्यावर तो जाऊं शकला असता कीं नाहीं याचा खल करीत होतों.

२००५ च्या २५ ऑक्टोबरला नागपूरला तो परतला व श्रीलंकेविरुद्ध त्यानें ९३ धांवा केल्या. डिसेंबरांत दिल्लीला ३५ वें शतक झालें. आमचा आनंद आम्ही वर्णन करीत बसत नाहीं. पण पुढें आली ती २००६ च्या १९ मार्चची दुपार. वानखेडे मैदान, इंग्लंडविरुद्धचा कसोटी सामना. २१ चेंडू खेळून केवळ १ धांव काढून तो बाद झाला, आणि मैदानावरून परत येतांना प्रेक्षकांतील एका गटानें त्याची हुर्यो उडविली. ज्या शहरांत तो जन्मला, ज्या शहराच्या मैदानांवर तो लहानाचा मोठा झाला, त्या शहरानें! त्या वेळीं त्याचा उजवा खांदा निकामी होत आला होता, हें कांहीं दिवसांतच उघड झालें. मार्च संपण्यापूर्वीं तो पुन्हां लंडनला शस्त्रक्रियेसाठीं गेला होता.

वानखेडेवरच्या त्या प्रेक्षकांना दुसऱ्या दिवशीं पुष्कळांनीं दूषणें दिलीं. आमच्या अध्यापकांच्या खोलींतहि दिलीं गेलीं, व देणाऱ्यांत आमचा आवाज मोठा होता. मात्र आदल्या दिवशीं, रविवारीं, तो बाद झाल्याबरोबर घरांत बसून ‘आतां यानें थांबावें’ असे उद्गार आमच्याच मुखांतून निघाले होते, हें तेथें कोणाला ठाऊक नव्हतें. मुंबईकरांची हुर्यो त्याला ऐकूं गेली, आमची गेली नाहीं. एवढाच काय तो आमच्या सभ्यतेचा आधार.

वाचकांच्या लक्षांत आलें असेल कीं, या लेखांत आम्ही त्याचा उल्लेख एकेरी करीत आहों. वयानें तो आमच्याहून लहान आहे, पण तें खरें कारण नव्हे. मराठी माणूस आईला एकेरी हांक मारतो, विठ्ठलाला मारतो, शिवाजीलाहि मारतो. ज्याला आपला मानावयाचें त्याला बहुवचनाच्या अंतरावर ठेवणें आपल्या भाषेला मानवत नाहीं. परंतु या एकेरीपणाबरोबर आपण रागें भरण्याचा हक्कहि गृहीत धरतों. आपल्या संतांनीं विठ्ठलाला प्रेमानें आळविलें, तसेंच त्याला दूषणें देण्यासहि कमी केलें नाहीं. आणि त्यांच्या त्या भांडणांत भक्तीचा कळस आहे असें आपण मानतों, तें योग्यच आहे. विठ्ठल विटेवर उभा आहे. त्याला बोल लागले तरी त्याचा खांदा दुखत नाहीं. आपण मात्र तोच हक्क हाडामांसाच्या मनुष्यावर चालवूं पाहतों. ज्याला देव केलें त्याला दुखणें येणें हा आपल्याला त्याचा अपराध वाटतो, याचें मूळ आम्हांला येथें दिसतें. कोणी म्हणेल, त्याला देव करा असें त्यानें सांगितलें होतें काय? नव्हतें. पण नवस बोलणारा देवाची संमति कधींच घेत नसतो.

याला दुसरीहि एक बाजू आहे, आणि ती मांडणारे लोक भक्तिमार्गी नसून व्यवहारी असतात. ते म्हणतात, खेळाडू कोट्यवधि रुपये मिळवितो, ते शेवटीं आमच्याच खिशांतून जातात. मग जाब विचारूं नये काय? हा युक्तिवाद केवळ आपल्याकडचा नाहीं. अमेरिकेंत बास्केटबॉल हा खेळ लोकांच्या फार जिव्हाळ्याचा आहे. शिकागो शहरांत जन्मलेला डेरिक रोझ हा त्याच शहराच्या शिकागो बुल्स या संघाचा तारा होता. २०१२ च्या एप्रिलमध्यें त्याच्या डाव्या गुडघ्यांतील एक अस्थिबंध तुटला. पुढच्या मार्चमध्यें वैद्यांनीं खेळण्यास हरकत नाहीं असें सांगितलें. पण तो त्या सबंध हंगामांत उतरला नाहीं. झालें, ज्या लोकांनीं त्याच्यासाठीं अश्रु ढाळले होते त्यांतलेच कित्येक त्याला भित्रा व स्वार्थी म्हणूं लागले. पुढल्या हंगामांत तो आला, आणि महिन्याभरांतच त्याचा दुसरा, उजवा गुडघा गेला. तिकिटाच्या पैशांत बसायला जागा मिळते, खेळाडूनें प्रामाणिक प्रयत्न करावा ही अपेक्षाहि मिळते. पण गुडघा किती भरून आला आहे हें आंतून जाणण्याचा अधिकार त्यांत मिळत नाहीं. तो एकाच मनुष्याला असतो, आणि तोहि पुष्कळदां चुकतो. मग गॅलरींत बसलेल्यांची काय कथा!

२००६ च्या उन्हाळ्यांत आणखी एक गोष्ट घडली, जिच्याविषयीं आम्ही आजवर कोणाशीं बोललों नाहीं. तेंडुलकर खांद्याच्या दुखण्यामुळें घरीं असतांना राहुल द्रविडच्या नेतृत्वाखालीं भारतानें वेस्ट इंडीजमध्यें कसोटी मालिका जिंकली. १९७१ नंतर, म्हणजे पस्तीस वर्षांनीं, हें घडलें. आम्हांला आनंद झाला. पण तो पुरता झाला नाहीं, त्यांत कांहीं तरी खुपलें. पुष्कळ दिवसांनीं आमच्या ध्यानांत आलें कीं, त्याच्यावांचून संघ जिंकूं शकतो हें आम्हांला रुचलें नव्हतें. तो असता तर बरें झालें असतें, इथपर्यंत ठीक. पण तो नव्हता म्हणून थोडें बिघडायला हवें होतें, अशी ही इच्छा होती. याला संघावरचें प्रेम म्हणतां येत नाहीं, आणि बारकाईनें पाहिलें तर त्याच्यावरचेंहि नाहीं. आपण ज्याची निवड केली तो अपरिहार्य ठरावा, म्हणजे आपली निवड थोर ठरेल, असा हा हिशेब आहे. योगायोग असा कीं, त्या १९७१ च्या दौऱ्यांतहि पहिल्या कसोटीला एक तरुण फलंदाज बोटाच्या दुखण्यामुळें बाहेर बसला होता. त्या सामन्यांत गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनीं २१२ धांवा करून डाव सांवरला. त्या तरुणाची वाट देशांत फारसें कोणी पाहत नव्हतें. पुढच्या चार सामन्यांत ७७४ धांवा झाल्यावर सुनील गावसकर हें नांव लोकांना कळलें. ज्याची वाट कोणी पाहत नाहीं त्याला दुखणें बरें करण्यास केवढी मोकळीक मिळते!

आमच्या जिल्ह्यांत घनसावंगी तालुक्यांत जांब हें गांव आहे. समर्थ रामदासांचें तें जन्मस्थान. लग्नाच्या बोहल्यावरून पळून गेलेला हा मुलगा चोवीस वर्षांनीं घरीं परतला, तोंवर आई राणूबाईंची दृष्टि गेलेली होती, अशी कथा आहे. जांबला गेलों असतां आम्हांला नेहमीं समर्थांपेक्षां त्या माउलीचा विचार अधिक येतो. तिनें वाट पाहिली ती कशाची? मुलानें परत येऊन कांहीं पराक्रम दाखवावा याची खास नव्हे. तो जगांत फिरून काय झाला हें तिला ठाऊकहि नव्हतें. तो यावा, एवढेंच. आम्ही दोन वर्षें ज्याची वाट पाहिली तो एक फटका होता, एक शतक होतें. मनुष्य त्याच्या मागोमाग आला तर आमची हरकत नव्हती. आईच्या मायेची मोजपट्टी खेळाच्या चाहत्याला लावणें अन्यायाचें आहे, असें कोणी म्हटलें तर आम्ही तें मान्य करूं. पण मग ‘आपला सचिन’ म्हणतांना ‘आपला’ हा शब्द आपण जरा जपून वापरावा.

आतां त्या रांजणाविषयीं.

आमच्या वर्गांत त्या वर्षीं मंठा तालुक्यांतला एक मुलगा होता. महाविद्यालयाच्या कबड्डीच्या संघांतला तो उत्तम चढाईपटू. त्याच्यामुळें आमच्या संघानें एकदोन चषक आणले होते, आणि त्या चषकांसमवेत काढलेल्या छायाचित्रांत आम्हीहि उभे आहों. २००५ च्या डिसेंबरांत एका सामन्यांत प्रतिपक्षानें त्याचा घोटा धरला, अंग एकीकडे गेलें व पाय दुसरीकडे राहिला, आणि गुडघ्यांतला अस्थिबंध तुटला. वैद्यांनीं शस्त्रक्रिया सांगितली. घरच्यांनीं ती पुढल्या पिकावर ढकलली. हें सारें आम्हांला नंतर कळलें. त्या वेळीं एवढेंच कळलें होतें कीं तो खेळत नाहीं. पुढें तो वर्गांतहि दिसेनासा झाला. आम्हीं त्याची चौकशी केली नाहीं. संघानें त्याच्या जागीं दुसरा मुलगा घेतला व तोहि बरा खेळला.

एप्रिलच्या अखेरीस तो आमच्या घरीं आला. कोठें तरी नोकरीसाठीं अर्ज करावयाचा होता, त्याला आमचें शिफारसपत्र हवें होतें. आम्ही पहिल्या मजल्यावर राहत असूं. आम्हीं त्याला खुर्ची दिली, पत्र लिहिलें, त्यांत त्याच्या कबड्डीचा गौरवानें उल्लेख केला. पत्र घडी करून खिशांत ठेवतां ठेवतां त्यानें विचारलें, “सर, सचिनचा खांदा कसा आहे आतां?”

आम्हीं त्याला सविस्तर सांगितलें. शस्त्रक्रिया कशी झाली, कोणता स्नायू दुखावला होता, कोणत्या हालचालींना किती आठवडे लागतील, वेस्ट इंडीजचा दौरा कां हुकणार, सगळें. त्यानें तें मन लावून ऐकलें, मधून मधून प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न आमच्या अध्यापकांच्या खोलींतल्या प्रश्नांहून निराळे होते. रात्रीं झोंप लागत असेल का त्याला, असें त्यानें विचारलें. आम्हांला याचें उत्तर ठाऊक नव्हतें. तो निघून गेल्यावर, जिन्यावरून त्याचीं पावलें फार वेळ ऐकूं येत राहिलीं तेव्हां, आम्हीं त्याच्या गुडघ्याविषयीं एक शब्दहि विचारला नव्हता हें आमच्या ध्यानांत आलें. खालीं जाऊन त्याला गांठतां आलें असतें. आम्ही गेलों नाहीं.

शहाण्या गृहस्थांचा आक्षेप खरा ठरला, असें आम्ही यावरून म्हणणार नाहीं. दूरच्या कोंपराची काळजी वाहिली म्हणून जवळचा गुडघा दिसला नाहीं, हें पुरतें खरें नव्हे. तेंडुलकर धडधाकट असता तरी आम्हांला तो गुडघा दिसलाच असता अशी आमची खात्री नाहीं. आणि त्या मुलाकडे पाहावें तर त्याच्या रांजणांतलें पाणी दोघांनाहि पुरत होतें. तेंडुलकरच्या खांद्याची खरी चौकशी आमच्या ओळखींत त्या एकट्यानेंच केली. कारण तो धांवांविषयीं विचारीत नव्हता.

सप्टेंबरच्या १४ तारखेला क्वालालंपूरला तेंडुलकर परतला. वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १४१ धांवा केल्या, मागून पाऊस आला, आणि डकवर्थ-लुइसच्या गणितानें भारत हरला. सामना संपल्यावर आम्हांला त्या मुलाची आठवण झाली. शोध करतां तो औद्योगिक वसाहतींतल्या एका कारखान्यांत वजनकांट्यावर बसतो असें कळलें. दिवाळीच्या सुटींत आम्ही तेथें गेलों. सळयांनीं भरलेल्या मालमोटारी एकामागून एक कांट्यावर चढत होत्या व तो वहींत आंकडे लिहीत होता. आम्हांला पाहून तो उठला, चहा मागविला, आणि क्वालालंपूरच्या त्या खेळींतला एकेक फटका त्यानें आम्हांला बसल्या जागीं हातानें करून दाखविला. निघतांना आम्हीं गुडघ्याविषयीं विचारलें.

“चालायला कांहीं नाहीं सर,” तो म्हणाला, “चढायलाहि नाहीं. फक्त जिना उतरतांना दुखतं.”